दोन डाव्या पंखांची फळी

माझ्या अंगावर किती भोकं आहेत ते कुणी मोजलेलं नाही. मोजायला बसलात तर तुमची अख्खी दुपार जाईल. पण मित्रांनो, त्या प्रत्येक भोकात कधी ना कधी एक टाचणी उभी होती, आणि त्या टाचण्यांच्या कुंपणात विमानाचा एखादा पंख किंवा एखादी शेपटी आकार घेत होती. मी एक जुनी फळी आहे. जावा बेटावरच्या एका विणकरांच्या गावात, माग दुरुस्त करणाऱ्या कोसासी यांच्या घरी राहते.

माझा जन्म सातविणीच्या झाडाचा. सातविणीचं लाकूड मऊ आणि पांढरं असतं, म्हणून आमच्याकडे त्याच्या बाहुल्या कोरतात. माझ्याच झाडातून दोन राजे, एक राक्षस आणि एक लाल नाकाचा विदूषक निघाला. त्यांच्या नशिबी मुकुट, जरीची वस्त्रं आणि रात्ररात्रभराचे खेळ आले. मला ना नाक, ना डोळे. मला हिणवायचं असेल तर हिणवा, पण बाहुल्या कोरणाऱ्या म्हाताऱ्याने मला रंधा मारला, डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला आणि कोसासींना म्हणाला, "हिच्यावर पाणी ओतलं ना, तर कुठे जायचं ते पाण्याला कळणार नाही." इतकी सरळ होते मी. अजूनही आहे. तेवढी एकच गोष्ट मला येते आणि ती मी सोडलेली नाही.

कोसासी दिवसभर कारखान्यात मागांशी झटापट करत आणि उरलेल्या वेळात बाल्साची विमानं करत. बाल्सा म्हणजे सावरीच्या कुळातलं लाकूड, इतकं हलकं की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. त्या विमानांना यंत्र नसतं. लांब दोरा बांधून, पतंगासारखं पळत वर चढवायचं आणि सोडून द्यायचं. पुढे ते आपल्या पंखांच्या भरवशावर तरंगतं. म्हणून पंख आणि शेपूट सरळ पाहिजेत, आणि ते सरळ व्हायला आधी मी सरळ पाहिजे. माझ्यावर आराखड्याचा कागद पसरायचा, त्यावर मेण चोळलेला पातळ कागद, म्हणजे गोंद चिकटत नाही. मग मागची कड टाचण्यांनी पक्की करायची, मधली काडी ठेवायची, तिच्यावर एकेक बरगडी उभी करायची आणि शेवटी पुढची कड लावायची. सुकेपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड असतं.

वीस वर्षांत माझ्यावर किती पंख झाले. ते सगळे मैदानावर गेले, वर चढले, ढगांखाली फिरले असं मी ऐकलं. पाहिलं मात्र एकही नाही. फळीला मैदानावर कोण नेणार? पोळपाट काही पंगतीला जात नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग एका वर्षी ती गोष्ट झाली.

कोसासींची मुलगी विविन तेव्हा तेरा वर्षांची होती. बापाला ती अबा म्हणते, आईला अंबू. दर ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या उत्सवात, मुलांच्या विमानांची स्पर्धा भरते. तिचा नियम एकच आहे, पण कडक आहे. ज्याने उडवायचं त्याने स्वतः बांधायचं. उडवण्याआधी पंच विमानावर हात ठेवायला लावतात आणि बांधणीचे प्रश्न विचारतात. विविन बांधायला बसली होती खरी. पण अबा "अगं, ही बरगडी जरा..." असं म्हणत पुढे व्हायचे आणि बोलता बोलता त्यांचा हात पंखात शिरायचा. शेवटी विमानात तिचं काय उरलं होतं, तर कागदावर लिहिलेलं नाव. पंच होते पा तातांग, मानाच्या माणसाला आमच्याकडे पा म्हणतात. त्यांनी विचारलं, "शेपटीची ही बाजू पातळ का घासलीस?" विविनला ती घासलेली आहे हेच ठाऊक नव्हतं. विमान टेबलावरून बाजूला ठेवलं गेलं.

"बापाचं विमान, लेकीची धाव," कुणीतरी म्हणालं. गावातल्या पोरांना तेवढंच पाहिजे होतं. विविन दुकानात गेली की मागून हेच वाक्य यायचं, शाळेत गेली की हेच. अबांनी मला उचललं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. अंबू माझ्यावर मिरच्या वाळवायला लागल्या. एका कोंबडीने माझ्या सावलीत आठ अंडी उबवली. मित्रांनो, लाकूड तिरकं टेकवून ठेवलं की हळूहळू पोटात वाकतं. ऊन एका बाजूने, ओल दुसऱ्या बाजूने. वर्षभर मी दात आवळून उभी होते. दात नाहीत मला, पण तुम्हाला कळलं असेल.

पुढच्या वर्षी जुलैत एका सकाळी विविन मागच्या दारी आली. तिने कोंबडीला हाकललं, मला ओल्या फडक्याने पुसलं, माझ्या दोन टोकांना दोरा ताणून धरला आणि वाकून पाहिलं. दोऱ्याखाली कुठे फट नव्हती. मग तिने मला उचलून घरात नेलं आणि आडवं ठेवलं. वर्षाने मी आडवी झाले. आमच्या जातीचं सुख तेवढंच.

"अबा," ती म्हणाली, "या वेळी बोट लावायचं नाही."

"नाही लावत."

"बोलायचं पण नाही. विमानाबद्दल एक शब्द जरी बोललात, तर मी ते तिथल्या तिथे मोडून टाकीन."

"नेंग, बोलायचं पण नाही?" आमच्याकडे लाडक्या लेकीला नेंग म्हणतात.

"गेल्या वर्षी बोलता बोलताच हात पुढे आला होता तुमचा."

चुलीशी बसलेल्या अंबू म्हणाल्या, "चला, यांच्या जिभेला यंदा उपास. बघू किती दिवस टिकतोय."

स्पर्धेच्या मंडळाकडून सगळ्या मुलांना लाकडाची सारखी जुडी मिळाली होती. विविनने आधी शेपूट घेतली, कारण ती सपाट आणि सोपी. आराखडा पसरला, टाचण्या ठोकल्या, काड्या बसवल्या. टाचणी तिरकी जात होती, पण जात होती. संध्याकाळी घाई झाली आणि गोंद ओला असतानाच तिने टाचण्या उपटल्या. सकाळी शेपूट भाजलेल्या पापडासारखी वळली होती. अबा दारातून ते पाहून खोकत खोकत अंगणात निघून गेले. विविनने ती शेपूट बाजूला ठेवली आणि दुसरी करायला घेतली. या वेळी टाचण्या दीड दिवस तशाच ठेवल्या. ती माझ्यावरून उचलली तेव्हा चारही कोपरे एकदम सुटले. मला आतून गुदगुल्या झाल्या.

मग डावा पंख. दोन पातळ पत्र्याच्या साच्यांमध्ये लाकडाचे तुकडे दाबून तिने बरगड्या एकदमच घासल्या, म्हणजे सगळ्या सारख्या. प्रत्येक बरगडी उभी करताना काटकोन लावून पाहिला. पाच दिवस शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि माझ्यापुढे मांडी घालायची. पंख असा झाला की बाहुल्या कोरणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा डोळा मिटून पाहिला असता. मी वीस वर्षं अबांचे पंख अंगावर घेतले आहेत. हा काही त्यांच्या तोडीचा नव्हता. दोन बरगड्या जाड होत्या आणि गोंद सढळ होता. पण सरळ होता, आणि तिचा होता.

सोमवारी तिने उजवा पंख सुरू केला. आणि पहिल्याच टाचणीला मी ओळखलं, काहीतरी चुकतंय.

ती टाचणी टोचलीच नाही. डाव्या पंखाच्या जुन्या भोकात अलगद उतरली. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. मित्रांनो, उजव्या पंखाच्या टाचण्या नव्या जागी टोचतात. त्याचं टोक माझ्या दुसऱ्या हाताला येतं. कागद वाचवायला आराखड्यात फक्त डावाच पंख काढलेला असतो. उजवा त्याच्या उलट करायचा असतो, आरशात दिसतो तसा. विविन आराखडा तसाच ठेवून दुसरा डावा पंख बांधत होती.

मी काय करणार? मला तोंड नाही. आणि ज्यांना तोंड होतं, ते मंगळवारी कारखान्यातून आले, दारात उभे राहिले, त्यांची नजर माझ्यावर पडली. अबांचं तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. विविनने मान वर करून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "ऊन फार आहे आज." ऊन नव्हतंच, आभाळ भरलेलं होतं.

त्या चार दिवसांत त्या माणसाने काय भोगलं ते मी पाहिलं आहे. बुधवारी भात अर्धा टाकला. गुरुवारी लवंगेची सिगारेट उलट्या टोकाने पेटवली. अंबूंनी विचारलं, "अहो, दात दुखतोय का? गालात सुपारी धरल्यासारखं तोंड का केलंय?"

"दुखतोय," अबा म्हणाले.

"मग लवंग धरा की दाढेत."

"धरलीय."

अंबूंना त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला विविनला कळलं असतं. एक फळी आणि एक बाप, घरात असे दोन मुके, आणि आमच्या दोघांच्या मधे बरगडीमागून बरगडी उभी राहत होती. मला अबांचा राग आला होता हेही सांगते. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द ते बोलले असते, तर विमान पुन्हा बापाचं झालं असतं. हे मला उशिरा कळलं. त्यांना आधीच कळलं होतं.

शुक्रवारी पंख सुकला. स्पर्धेला नऊ दिवस होते. विविनने दोन्ही पंख विमानाच्या धडाला लावून पाहिले. एक बरोबर बसला. दुसरा लावला तर त्याची पुढची कड मागे आली. तिने तो पालथा केला. पुढची कड पुढे आली, पण पंखाचं पोट आभाळाकडे झालं. तिने पुन्हा फिरवला. तीन-चारदा फिरवला. मग हात थांबला.

अंबू डोकावल्या आणि त्यांना हसू आवरलं नाही. "अगं, दोन्ही पायांत डावीच चप्पल घातल्यासारखं दिसतंय की हे."

मग त्यांना विविनचा चेहरा दिसला आणि त्या परत चुलीकडे वळल्या.

अबा अंगणात पायरीवर बसले होते. विविन पंख हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"आणि गप्प बसलात?"

"तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते म्हणून काय..." ती रडली. खूप रडली. अबांचा हात उठला, तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो डोक्यावर ठेवला. डोक्यावर हात ठेवायला बंदी नव्हती.

"लाकूड संपलंय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "तुमच्या डब्यातले तुकडे घेऊ का?"

"घे. लाकडाला हात नसतात."

"उजवा कसा करायचा ते सांगू नका."

"नाही सांगत."

ती माझ्याजवळ येऊन बसली. आराखडा उचलला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती, रेघ दिसत नव्हती. तिने तो पुन्हा सुलटा केला. मग उगाच माझ्यावरून हात फिरवायला लागली. बोट भोकांवरून चाललं होतं. डाव्या टोकाची भोकं ताजी आणि मोठी झालेली. बोट उजवीकडे सरकलं. तिथे जुनी भोकं होती, आदल्या वर्षीची, अबांच्या हातची. त्यांच्याभोवती पंखाच्या आकाराचा एक पिवळा डाग होता. मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. पण ओरडायची गरज पडली नाही. विविन वाकली आणि तिने मला हुंगलं.

"खोबरेल," ती म्हणाली.

अबा विमान करायला बसले की शेजारी खोबरेल तेलाची बाटली असायची. ती डोक्याला लावायला असेल असं घरात सगळ्यांना वाटायचं. त्यांच्या डोक्यावर केस किती आणि बाटली केवढी, हा विचार कुणी केला नव्हता. विविनने कापसाने आराखड्यावर तेल चोळलं. कागद भाताच्या पेजेवरच्या सायीसारखा झाला, आरपार दिसायला लागला. तिने तो उलटा केला. रेघन् रेघ मागून दिसत होती. पंखाचं टोक माझ्या उजव्या हाताला आलं होतं. अबा अंगणातून पाहत होते. त्यांनी लवंगेची सिगारेट काढली आणि सुलट्या टोकाने पेटवली.

पुढचे नऊ दिवस तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. अबांच्या डब्यात एवढी लांब काडी नव्हती, म्हणून पुढची कड दोन तुकडे तिरके घासून जोडली. दर बरगडी डाव्या पंखाच्या बरगडीशी हातात तोलून पाहिली. घाई करायला कारण होतं, तरी टाचण्या दीड दिवस तशाच ठेवल्या. मग पातळ कागद चिकटवला, पाण्याचा फवारा मारला, सुकताना कागद डमरूसारखा ताठ झाला. आणि ओलाव्याने पंख वळू नयेत म्हणून स्पर्धेच्या सकाळी तिने दोन्ही पंख आणि शेपूट माझ्यावर दोऱ्याने बांधली. मी मैदानावर निघाले होते. अंबूंनी तो दुसरा डावा पंखही माझ्या पाठीला बांधला. "असू दे. काही मोडलं तर काड्या उपयोगी पडतील." त्याला कागद लावलेला नव्हता, नुसता सांगाडा.

मैदान हवाई तळाच्या कडेला होतं. लाल-पांढऱ्या पताका, केळीच्या पानात बांधलेला भात, पळणारी मुलं. टेबलामागे पा तातांग बसले होते, तेच आदल्या वर्षीचे. त्यांनी उजवा पंख उचलला आणि डोळ्यासमोर धरला.

"सरळ आहे," ते म्हणाले. "फारच सरळ आहे. कोसासीचा हात मी वीस वर्षं ओळखतो, पोरी."

"हात माझा आहे."

"दोन बरगड्या जाड आहेत डाव्या पंखात. माहीत आहे?"

"तिसरी आणि सातवी. साचा दाबताना सैल राहिला."

मागे कुणीतरी कुजबुजलं, "घोकून आली असेल." तेच जुनं वाक्यही कुणीतरी पुटपुटलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पा तातांग तर पंच होते. त्यांचं बोट उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या सांध्यावर थांबलं.

"हा सांधा कशाला?"

"लाकूड पुरलं नाही."

"जुडी सगळ्यांना सारखीच होती. तुझंच का पुरलं नाही?"

विविनच्या मागे सगळं गाव उभं होतं, चपलेची गोष्ट कळली तर आणखी एक वाक्य तयार झालं असतं. ती खाली माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मला पालथं केलं, दोरा सोडला आणि दुसरा डावा पंख टेबलावर ठेवला.

पा तातांगांनी तो सांगाडा उचलला आणि पहिल्या पंखावर ठेवला. टोकावर टोक, कडेवर कड. बरोबर जुळला.

"दोन्ही डावे?"

"हो."

"किती दिवस गेले यात?"

"पाच."

"आणि कोसासी घरात होता?"

"होते. मीच बोलू दिलं नाही."

पा तातांगांनी दोरीपलीकडे पाहिलं. अबा तिथे हात पाठीमागे बांधून उभे होते. "कोसासी, तू पाहिलंस आणि गप्प बसलास?"

"दात दुखत होता," अबा म्हणाले.

पा तातांग हसले नाहीत. त्यांनी पंख दोन्ही हातांनी विविनला परत दिला, आमच्याकडे थोरामोठ्यांना देतात तसा. मग मागच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या माणसाला डोळे बांधून बसवलं तरी दोन डावे पंख करता येणार नाहीत. विमान पोरीचं आहे." आणि शिक्का मारला.

विविनने मला गवतावर ठेवलं, आडवी, तोंड आभाळाकडे. त्या मैदानावर माझ्याइतकी चांगली जागा कुणाला मिळाली नसेल. पहिल्यांदा दोऱ्याला हिसका बसला आणि विमान डावीकडे कोसळलं. तिने शेपटीचा कोपरा पाहिला, एक काडी सुटली होती ती दाबून चिकटवली, सुकेपर्यंत थांबली. घाई केली नाही. दुसऱ्यांदा ती पळाली, दोरा ताणला गेला आणि ते वर चढलं, आणखी वर चढलं, दोऱ्यातून सुटलं आणि माझ्या बरोबर डोक्यावर गोल फिरायला लागलं. ऊन कागदातून आरपार येत होतं. एकेक बरगडी दिसत होती. तिसरी आणि सातवीसुद्धा. वीस वर्षं मी ज्याची पाठ धरून ठेवली, ते असं दिसतं हे मला तेव्हा कळलं.

दोन मिनिटं. मग ते हलकेच गवतात उतरलं. विविनचा नंबर पाचवा आला. पण परत येताना दुकानापाशी पोरं उभी होती आणि एकही काही बोललं नाही.

आता विविन मोठी झाली आहे. दर जुलैत चार-पाच मुलं माझ्याभोवती मांडी घालून बसतात. तो दुसरा डावा पंख माझ्यावरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे, आणि नवीन आलेल्या मुलाला विविन आधी तोच दाखवते. मागच्या महिन्यात अबा लाकडात भरायच्या लांबीचा डबा घेऊन आले होते. माझी भोकं बुजवून, घासून मला नवी करतो म्हणाले. विविनने त्यांच्या हातातून डबा काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी फळी असेल तर तिला आडवी ठेवा. भिंतीला टेकवू नका, मिरच्या वाळवायला दुसरं काही शोधा. तिच्यावर काम करताना घाई करू नका, आणि काम चुकलं तर तिच्यावर राग काढू नका. एवढंच मागायचं होतं. आणि कधी माझ्या घरी आलात, तर माझ्या डाव्या टोकावरून बोट फिरवून पाहा. तिथली भोकं इतर भोकांपेक्षा जरा मोठी लागतील. एकाच जागी दोनदा टोचलेली आहेत ती. ती कुणी बुजवू नका.